लाकडी आऱ्यांचं चाक दर उन्हाळ्यात करकरतंय? पाणी मारू नका, रंग खरवडा

तक्रार एकच आहे आणि ती दर वर्षी त्याच सुमाराला येते. जुनी गाडी, लाकडी आऱ्यांची चाकं, हिवाळाभर सगळं शांत. होळी झाली की मागच्या एका चाकातून कर्र... कर्र... सुरू होतं. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा, वळताना जास्त. ब्रेक दाबला की ‘टक्’ असा एक कोरडा आवाज. कुणीतरी जाणता सांगतो, पाणी मारा. ओलं पोतं गुंडाळून चाक रात्रभर ठेवलं की सकाळी आवाज गायब. आठ-दहा दिवसांनी परत तेच. पुढच्या वर्षी आवाज फेब्रुवारीतच येतो. त्याच्या पुढच्या वर्षी पोतं बांधूनही जात नाही.

माझ्याकडच्या १९२६ सालच्या अमेरिकन टूररवर मी हे पोत्याचं व्रत चार वर्षं केलं. पाचव्या वर्षी मिरजेहून सांगलीकडे येताना ब्रेक लावला आणि मागचं डावं चाक मडगार्डला घासलं. खाली उतरून दोन्ही हातांनी रिम धरून हलवलं, तर हब (चाकाचा मधला तुंबा) जागेवर आणि रिम बोटभर इकडून तिकडे. वेग वीसच्या आसपास होता म्हणून हे आज लिहितोय.

ज्यांच्या गाडीला अशी चाकं आहेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. मधे एक जुना अमेरिकन खटला येईल. तो विषयांतर वाटेल, पण नाही. आपल्याच आजाराचा तो सगळ्यात नीट नोंदवलेला रुग्ण आहे.

सगळ्यात आधी लोहचुंबक

हसू नका. चाकाला लोहचुंबक लावून बघा. १९०८ पासून इंग्लंडात जोसेफ सँकीच्या कारखान्यात पत्रा दाबून, जोडून, हुबेहूब लाकडी चाकासारखी दिसणारी पोलादी चाकं व्हायला लागली. नंतर पुष्कळ गाड्यांना तशी चाकं आली. वर क्रीम रंग आणि बारीक रेघा ओढल्या की ओळखू येत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असल्या पोलादी चाकाला दोन उन्हाळे पाणी पाजलं. आतून गंज धरला, बाकी काही नाही. चुंबक चिकटला तर खालचं सगळं सोडून द्या, तुमचा आजार वेगळा.

चिकटला नाही तर पुढे वाचा.

पाण्यानं बरं का वाटतं आणि मग वाईट का होतं

मोटारीचं लाकडी चाक आणि बैलगाडीचं चाक यांचं गोत्र एकच. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बाहेरचा लाकडी गोल म्हणजे पुठ्ठे (खोक्याचा पुठ्ठा नव्हे), आणि त्याच्यावर लोखंड. बैलगाडीला धाव, मोटारीला रिम. फरक तुंब्यात आहे. बैलगाडीचा तुंबा अखंड लाकडाचा, त्याला भोकं पाडून आरे ठोकलेले. मोटारीच्या चाकात लाकडी तुंबाच नाही. आऱ्यांचे बुंधे पाचरीसारखे निमुळते केलेले असतात. बाराच्या बारा पाचरी एकमेकींना खेटून गोल पुरा करतात आणि दोन पोलादी तबकड्यांमध्ये बोल्टनं आवळलेल्या असतात. तोफांच्या गाड्यांना अशी चाकं असायची, म्हणून यांना आर्टिलरी चाक म्हणतात.

म्हणजे बुंध्यापाशी चाकाला जी ताकद आहे ती पाचर पाचरीला दाबते एवढ्याच गोष्टीतून. आता लाकडाचा स्वभाव बघा. सुकताना ते लांबीत जवळपास आकसत नाही, पण रुंदीत आकसतं. ही चाकं हिकरीच्या लाकडाची असत. हिकरी ओली कापल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेनं सुमारे दहा टक्के आकसते. तयार चाकात एवढा फरक पडत नाही, पण चार टक्के ओलावा कमी-जास्त होणं आपल्या हवेत सहज घडतं. बुंध्याची रुंदी ४० मिलिमीटर धरली तर एक आरा साधारण अर्धा मिलिमीटर बारीक होतो. बारा आऱ्यांचे मिळून सहा मिलिमीटर. एवढी फट त्या गोलात कुठे ना कुठे वाटली जाते, आणि ती कर्र कर्र करते.

तबकड्यांचे बोल्ट कितीही आवळा, ही फट मिटत नाही. बोल्ट आडवे दाबतात, फट उभी आहे. मी एक बोल्ट आवळून आवळून तोडलाय, म्हणून सांगतो.

पाणी मारलं की लाकूड फुगतं, फट मिटते, आवाज थांबतो. इथपर्यंत बरोबर. पण बाजूला जागा नसताना लाकूड फुगलं की ते शेजारच्या पाचरीवर दाबलं जातं आणि त्याचे रेषे चिरडतात. चिरडलेला रेषा परत फुगत नाही. पुढच्या वेळी सुकताना तो आधीपेक्षा बारीक होतो. म्हणजे प्रत्येक पोत्यामागे तुम्ही चाक थोडं ढिलं करून ठेवताय. वर रंगाखाली ओल कोंडते, बोल्टच्या भोकांपाशी लाकूड काळं पडतं, ते वेगळंच.

आमच्याकडे सुतारमामा आहेत. टायरगाड्या येण्याआधी बैलगाड्यांची चाकं भरायचे. त्यांना म्हटलं, ‘अहो मामा, तुम्ही पण उन्हाळ्यात चाकं ओढ्यात टाकायचात की!’ ते म्हणाले, ‘टाकायचो. पण ती गाडी बाजाराला जाऊन यायची. तुझ्या गाडीसारखं ब्रेक मारत न्हाई बैल.’

मुद्दा तोच आहे. बैलगाडीचं चाक ओढलं जातं, फिरवलं जात नाही. मोटारीच्या मागच्या चाकाला इंजिनाचा पीळ तुंब्याकडून रिमकडे आऱ्यांतूनच जातो, आणि ब्रेकचा पीळ उलट्या दिशेनं. म्हणून मागची चाकं आधी ढिली होतात. करकर मागून येत असेल तर ती जास्त गांभीर्यानं घ्या.

फ्लिंटचं चाक

आता तो खटला.

अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं गाव. मोटारी यायच्या आधीपासून तिथे घोडागाड्यांचा मोठा धंदा. विल्यम ड्युरंट हा तिथला घोडागाड्यांचा कारखानदार. त्यानं १९०४ मध्ये डबघाईला आलेली ब्युइक ही मोटारकंपनी हातात घेतली आणि १९०८ मध्ये जनरल मोटर्स उभी केली. गावात घोडागाड्यांसाठी चाकं करणारे कारखाने होतेच, त्यांतली इंपीरियल व्हील कंपनी मोटारींनाही चाकं पुरवू लागली. चाकाचं शास्त्र घोडागाडीचं, गाडी मोटारीची. सुरुवातीच्या वर्षांतली ही सगळीकडची गोष्ट.

न्यूयॉर्क राज्यातल्या डॉनल्ड मॅकफर्सन नावाच्या दगडकाम करणाऱ्या माणसानं विक्रेत्याकडून १९०९ सालची ब्युइक रनअबाउट, म्हणजे छोटी उघडी मोटार, घेतली. गाडी चालू असताना एक चाक बसलं, मॅकफर्सन बाहेर फेकला गेला आणि जखमी झाला. चाकाचे आरे तुटले नाहीत, त्यांचा चुरा झाला. निकालपत्रात जवळपास याच शब्दांत लिहिलंय आणि गॅरेजवाल्याच्या दृष्टीनं त्यातला हा सगळ्यात मोलाचा शब्द. का ते पुढे येईल.

ब्युइकचं म्हणणं दोन पदरी होतं. एक, गाडी आम्ही विक्रेत्याला विकली, या गृहस्थांशी आमचा करारच नाही. दोन, चाक आम्ही केलेलंच नाही, नावाजलेल्या कारखान्यातून विकत घेतलं. पहिल्या मुद्द्याला जुना आधार होता. १८४२ मध्ये इंग्लंडात डाकगाडी मोडून तिचा हाक्या जखमी झाला होता आणि गाडीची देखभाल ज्याच्याकडे होती त्याच्याशी तुझा करार नाही म्हणून कोर्टानं त्याला रिकाम्या हातानं पाठवलं होतं. सत्तर वर्षं हाच नियम थोड्याफार अपवादांनी चालला.

१९१६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टानं मॅकफर्सनच्या बाजूनं निकाल दिला. तो बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिला. वकील मंडळी तो कराराच्या मुद्द्यासाठी वाचतात. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९३२ मध्ये पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याच्या खटल्यात त्याचा आधार घेतला, आणि आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं, म्हणजे सदोष मालाच्या जबाबदारीचं, वेगळं प्रकरणच आहे. ते सगळं खरं. पण मी तो निकाल गॅरेजात बसून वाचला आणि मला त्यात तपासणीची पद्धत दिसली. कार्डोझो म्हणतात ते थोडक्यात असं: ही गाडी ताशी पन्नास मैल जाण्यासाठी केलेली आहे, तिच्यात तीन माणसांची जागा आहे, चाकं भक्कम नसतील तर इजा होणार हे जवळजवळ ठरलेलं. मग तयार माल बाजारात पाठवण्याआधी त्याच्या भागांच्या नेहमीच्या, साध्या चाचण्या करणं ही गाडी करणाऱ्याची जबाबदारी. चाकातला दोष रास्त तपासणीत सापडला असता असा पुरावा होता, आणि तपासणी झालीच नव्हती.

नेहमीच्या, साध्या चाचण्या. हे दोन शब्द मी खडूनं भिंतीवर लिहून ठेवलेत.

विरुद्ध मत मुख्य न्यायाधीश विलर्ड बार्टलेट यांचं होतं. त्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या. अपघाताच्या वेळी गाडी ताशी आठ मैलांनी चालली होती. आणि त्या चाकवाल्या कंपनीनं ब्युइकला तोवर ८०,००० चाकं पुरवली होती, त्यांतल्या एकाचंही लाकूड आधी सदोष निघालं नव्हतं.

हा ८०,००० चा आकडा मला फार दिवस छळत होता. बचाव म्हणून तो जोरदार वाटतो. कुणीही कारखानदार म्हणेल, एवढ्या चाकांत तक्रार नाही तर आणखी काय तपासू? पण लाकूड म्हणजे ओतीव भाग नव्हे, की एका साच्यातला एक चांगला तर बाकीचे चांगले. चाकाला बारा आरे धरले तर ८०,००० चाकांत नऊ लाख साठ हजार आरे. ते किती झाडांचे, कुठल्या उतारावरची, किती घाईनं सुकवलेली? आधीचे सगळे आरे चांगले निघाले याचा या बाराव्या आऱ्याशी काडीचा संबंध नाही. त्यात चाक ब्युइककडे आलं तेव्हा जोडून, आवळून तयार. आऱ्याचा बुंधा तबकड्यांच्या आत, टोक पुठ्ठ्याच्या आत, आणि मधलं सगळं रंगाच्या खाली. बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो रंग.

आपण जुनी गाडी घेतो तेव्हा नेमके ब्युइकच्या जागी असतो. ‘मागच्या मालकानं चाकं नवीन करून घेतलीत’ हे वाक्य म्हणजे आपलं ८०,०००. माझ्या टूररची चाकंही अशीच ‘नवीन केलेली’ होती.

रंग खरवडल्यावर काय बघायचं

चाक काढा, आडवं ठेवा, रंग उतरवा. हीट गन जपून, लाकूड करपवू नका. जुन्या रंगात शिसं असतं, तेव्हा कोरडं घासू नका, तोंडाला मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा. मला रंगाखाली लांबी सापडली. भिंतीला भरतात ती नव्हे, गाडीच्या पत्र्याला भरतात ती. दोन आऱ्यांवर जवळजवळ वीतभर. नखानं ती खपली काढली तेव्हा खालच्या लाकडातून पिठासारखी पिवळसर भुकटी हातावर पडली. फुंकर मारली तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. भुंगा लागला होता. कुणीतरी तो बघितला होता, लांबी भरली होती, रंग मारला होता आणि वर सोनेरी रेघही ओढली होती.

हा भुंगा हिकरीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागतो, कारण त्यात पिष्ट असतं. बाहेरून दोन-चार भोकं दिसतात, आत भुशाचे बोगदे. असा आरा दुरुस्त होत नाही. इपॉक्सी ओतणारे ओततात, पण इपॉक्सीनं भोक बुजतं, रेषा परत येत नाही.

मग रेषे बघा. आऱ्याच्या एका टोकाला बोट ठेवा आणि एकच रेषा धरून दुसऱ्या टोकाकडे जा. चांगल्या आऱ्यात बोट टोकापर्यंत पोचतं. मधेच कडेला जाऊन रेषा संपली तर तो आरा तिरप्या रेषांचा. दहा इंचांत एक इंच तिरपेपणा आला तरी ताकद चांगलीच घटते, आणि आघात सोसायची ताकद त्याहून जास्त घटते. हे रंगवलेल्या चाकात कधीच दिसणार नाही. कारखान्यात मात्र रंगाआधी एका माणसानं एक मिनिट घालवलं तर दिसतं.

रंगावरून, म्हणजे लाकडाच्या रंगावरून, फसू नका. त्या काळात व्यापारी पांढरी हिकरी पहिल्या प्रतीची आणि तांबूस गाभा दुय्यम समजत. १९१० च्या सुमाराला अमेरिकेच्या वनखात्यानं चाचण्या करून दाखवलं की गाभा आणि बाहेरचं लाकूड ताकदीत सारखंच, खरी खूण वजनाची. एकाच मापाचे दोन आरे हातात घ्या, जड असेल तो ठेवा. किती चांगले तांबूस आरे त्या काळात नाकारले गेले असतील आणि किती हलके पांढरे पास झाले असतील, कोण जाणे.

बारीक चिरेसाठी जुनी युक्ती अजून चालते. घासलेल्या आऱ्याला रॉकेल लावा, दहा मिनिटांनी फडक्यानं कोरडं पुसा, वर खडूची पूड भुरभुरा. चीर असेल तिथे रॉकेल परत बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी ओळ उमटते. बुंध्यापाशी, बोल्टच्या भोकांभोवती नक्की करा. मागच्या चाकात ब्रेकच्या ड्रमचे बोल्ट लाकडातूनच जातात आणि भोकं लांबट होतात. ‘टक्’ आवाज बहुतेक वेळा तिथून येतो.

मग हातोडी. लाकडी दांड्यानं प्रत्येक आऱ्यावर सारख्याच जोरानं टकटक करा. अकरा एका सुरात बोलतील आणि एक बद्द बोलेल. मडकं घेताना आई वाजवून घेते तसंच आहे हे. त्या एकावर खडूची खूण करा.

आणि आता तो ‘चुरा’. एखादा आरा काढावाच लागला तर फेकू नका, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून मोडून बघा. निरोगी हिकरी सहजासहजी मोडत नाही. वाकते, कुरकुरते, मग लांबलचक सोलपटं काढत फाटते, तुकडे एकमेकांना धरून राहतात. खराब लाकूड मुळ्यासारखं काडकन तुटतं, तुटलेली जागा सपाट. मॅकफर्सनच्या चाकाचे आरे चुरा होऊन पडले ही नोंद म्हणूनच महत्त्वाची. चांगला आरा एखाद्या धक्क्यानं तुटूही शकतो, पण त्याचा चुरा होत नाही. नुसता अपघाताचा जोर त्याला पुरत नाही, लाकूड आधीच गेलेलं असावं लागतं. मी माझा भुंगा लागलेला आरा शेगड्यात धरून हातोडीचा एक फटका मारला. तीन तुकडे झाले आणि टेबलावर चमचाभर पीठ.

आरे चांगले, तरी ढिलं? मग पुठ्ठे बघा

इथे बरेच जण चुकतात, मीही चुकलो. सगळे आरे ठणठणीत निघाले तरी चाक ढिलं असू शकतं, कारण रिम आऱ्यांना दाबतच नाही.

मोटारीच्या चाकाचे पुठ्ठे बहुतेक दोनच असतात, वाफेवर वाकवलेले अर्धगोल. दोघांच्या सांध्यात कागद सरकेल एवढी फट हवी. वरून चढवलेली लोखंडी रिम पुठ्ठ्यांना आत ढकलते, पुठ्ठे आऱ्यांना तुंब्याकडे ढकलतात, पाचरी एकमेकींवर बसतात. बैलगाडीची धाव गोवऱ्यांच्या आरात लाल करून चढवतात आणि पाणी ओततात ते याचसाठी, आकसताना ती सगळं आवळते. आता आऱ्याचा खांदा, म्हणजे जिथे आऱ्यावर पुठ्ठा टेकतो तो कंगोरा, वर्षानुवर्षं चिरडून आत गेला की पुठ्ठे आत सरकतात आणि त्यांची टोकं एकमेकांना भिडतात. भिडली की खेळ संपला. रिमचा सगळा दाब पुठ्ठे आपसातच झेलतात, आऱ्यांपर्यंत काही पोचत नाही.

ओळखायचं कसं? सांध्यात फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पानांच्या जुडग्याचं) सगळ्यात पातळ पान घालून बघा. जात नसेल आणि त्याच वेळी आऱ्याच्या खांद्याखाली पान जात असेल, तर निदान पक्कं. उपाय त्या काळातलाच आहे. सांध्यातून बारीक करवतीचं एक पातं फिरवून फट परत मोकळी करायची, आणि खांद्याखाली पातळ पोलादी पत्र्याच्या खाच पाडलेल्या चकत्या सरकवायच्या. समोरासमोरच्या आऱ्यांना सारख्या, नाहीतर चाक लंबगोल होतं. बुंध्यापाशी, पाचरींच्या मधे मात्र पत्रा ठोकू नका. तिथे तो लाकूड कापत जातो.

रिम वेगळी निघणारी असेल तर आणखी एक गंमत. १९०६ मध्ये फ्रान्समध्ये ल मान्सला पहिली ग्रां प्री मोटारशर्यत झाली, तिच्यात मिशलँ या टायरकंपनीच्या निघणाऱ्या रिमांमुळे टायर बदलायला लागणारा वेळ काही मिनिटांवर आला आणि रेनोवर बसलेला फेरेंक सिझ जिंकला. पुढे रस्त्यावरच्या गाड्यांना अशाच रिमा आल्या. या रिमा पुठ्ठ्यावर पाचरींच्या नटांनी आवळलेल्या असतात. आपण एकीकडून क्रमानं नट आवळत गेलो की रिम तिरकी बसते. मग चाक डुलतं, रिम पुठ्ठ्यावर घसरते, व्हॉल्व्ह कापला जातो, आणि आवाज हुबेहूब ढिल्या आऱ्यासारखा येतो. तेव्हा आरे काढण्याआधी सगळे नट सैल करून समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळून बघा. चाक जॅकवर फिरवून शेजारी ठोकळ्यावर पेन्सिल धरा, तीन मिलिमीटरच्या आत डुललं तर मी सोडून देतो. फुकटचा उपाय आहे, आणि पाचातल्या एकदोघांचं काम एवढ्यावरच भागतं.

जाता जाता: आपण सगळे ज्याला स्टेपनी म्हणतो ते मुळात वेगळं चाक नव्हतंच. वेल्समधल्या लनेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये काढलेली ती आऱ्यांशिवायची, टायर भरलेली नुसती रिम. पंक्चर चाकाच्या बाजूला शिकंज्यांनी अडकवायची आणि घर गाठायचं. म्हणजे आधीच कुरकुरणाऱ्या आऱ्यांवर एका बाजूनं भार. त्या काळात किती चाकं अशी मोडली असतील! कंपनी कधीच गेली, शब्द आपल्याकडे राहिला.

आरे बदलायचे तर

एक-दोन बदलू नका, चाकाचे बाराही बदला. नवे-जुने एकत्र सुकत नाहीत आणि पाचरींचा गोल परत ढिला होतो.

लाकडाच्या बाबतीत मी केलेली चूक सांगतो. हिकरी आपल्याकडे होत नाही. एका सुतारानं मला सागाचे आरे करून दिले. साग फारसा आकसत-फुगत नाही, वाळवी सहसा लागत नाही, दिसतो राजबिंडा. पण साग आघाताला कच्चा. दारं-खिडक्यांना तो राजा, आऱ्याला नाही. पहिल्याच महिन्यात एका आऱ्याच्या खांद्याला चीर गेली. सुतारमामांना दाखवला तर ते आऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, ‘बाभळीला काय झालं हुतं?’ आपल्या गाड्यांचे आरे बाभळीचे असत ते उगीच नाही. ती जड आहे, रंध्याला त्रास देते, पण धक्का खाते. मी शेवटी परदेशातून हिकरीच मागवली, कारण मूळ माप बारीक आहे आणि त्या मापात बाभळीचा मला अनुभव नाही. ज्याला आहे त्यानं सांगावं.

लाकूड आलं की लगेच कापू नका. माझं गॅरेजच्या माळ्यावर एक पूर्ण वर्ष पडून होतं, एक उन्हाळा आणि एक पावसाळा खाऊन. दर महिन्याला एक तुकडा वजन करून वहीत लिहायचो. जोडणी एप्रिलमध्ये केली, मुद्दाम, लाकूड सगळ्यात बारीक असताना. पावसाळ्यात ते फुगून थोडं आवळतं, पण पुढच्या एप्रिलमध्ये जागेवर येतं. जुलैत जोडलेलं चाक एप्रिलमध्ये करकरणारच. अमेरिकेतही दमट कारखान्यात जोडलेली चाकं कोरड्या भागात गेली की ढिली होत, आणि चालक ती ओढ्यात उभी करत. पोत्याचं व्रत तिकडेही होतंच.

जोडल्यावर कच्चं नाही, उकळलेलं जवसाचं तेल. टोकांना जास्त, कारण लाकूड पाणी पितं ते टोकांतून. तीन हात, मधे भरपूर दिवस. मग रंग. लांबी अजिबात नाही. एखादा खड्डा दिसला तर दिसू दे.

आणि प्रत्येक आरा जिथे पुठ्ठ्यात शिरतो तिथे आरा-पुठ्ठा दोन्हींवरून जाणारी एक बारीक पांढरी रेघ ब्रशनं ओढा. आरा फिरला किंवा सरकला तर रेघ तुटलेली दिसते. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर बोल्ट एकदा आवळा, मग दर महिन्याला फक्त रेघा बघा. चहा होईपर्यंत होतं.

माझ्या मागच्या डाव्या चाकाच्या बाराही रेघा परवाच्या रविवारी जागेवर होत्या, आणि हा या चाकाचा दुसरा उन्हाळा. आवाज आता पुढच्या उजव्या चाकातून येतोय. ते उतरवून ठेवलंय. रंग अजून खरवडलेला नाही, पण एका आऱ्यावर नखानं दाबलं तर नख आत गेलं.